एका रात्री दोन सुपाऱ्या

पत्र थोडक्यात :

इंदूरचे एक 36 वर्षांचे गोंधळी लिहितात. आजोबा महाराष्ट्रातून येऊन इथे स्थिरावले, त्यांच्यानंतर वडिलांनी गोंधळ घातले, आता ते घालतात. संबळ त्यांच्याकडे, तुणतुणं मामेभावाकडे, झील धरायला, म्हणजे मागून सूर ओढायला, आणखी एक जण. लग्नसराईत इंदूर, देवास, उज्जैन, धार इथल्या मराठी घरांतून सुपाऱ्या, म्हणजे गोंधळाची बोलावणी, येतात, मोठ्या मुहूर्ताला एका रात्री दोनदेखील. चातुर्मासात नवरात्र सोडलं तर घरी बसणं. दर गुरुवारी ते मित्रांच्या मंडळीत कबिराची निर्गुणी भजनं गातात. यंदा वैशाखात सुदामानगरातल्या एका घरी देवांना गोंधळाला बोलावत असताना त्यांची नजर घड्याळावर गेली. तोंडातून नावं निघत होती, मन कोरडं होतं. शेवटी त्या घरच्या आजी रडत पाया पडल्या. यांना इतकं अपराधी वाटलं की बिदागीचं पाकीट न घेताच ते निघाले. त्यावरून घरी भांडण झालं. बायको म्हणते, देवास नाक्यावरच्या गोदामात जागा निघाली आहे, ती नोकरी धरा. एक इव्हेंटवाला लेडीज संगीतात दहा मिनिटांचा गोंधळ मागतो आणि चांगले पैसे देतो. वडील म्हणतात, आईला, म्हणजे देवीला, बाजारात उभं करू नकोस. मंडळीतला ढोलकवाला मित्र, शाळेपासूनचा, म्हणतो की सगुणाचं हे सोंग सोड आणि आमच्याबरोबर पूर्ण वेळ गा. पत्राचा शेवट असा : ‘ताई, श्रद्धा उरली नसताना गोंधळ घालणं ही लोकांची फसवणूक नाही का? मी संबळ खाली ठेवू का?’

नमस्कार.

आधी त्या पाकिटाचं बोलते. बाकीच्या गोष्टींना वेळ लागेल, हे काम या आठवड्यात होण्यासारखं आहे.

ती बिदागी तुमच्या एकट्याची नव्हती. मामेभाऊ आणि झीलकरी त्या रात्री तुमच्याइतकेच उभे होते, त्यांचे गळेही तेवढेच ताणले गेले. तुमच्या मनात काहूर उठलं म्हणून त्यांच्या घरची चूल का अडावी? दोघांचा वाटा स्वतःच्या खिशातून द्या. एकदम जमत नसेल तर दोन हप्त्यांत द्या, पण द्या. ते काही बोलले नाहीत असं तुम्ही लिहिता. साथीदार सहसा बोलत नाहीत, पुढच्या सराईला दुसऱ्याबरोबर जातात.

आणि त्या आजींचा विचार करा. गोंधळ घालणं हा त्यांच्या घरच्या कार्याचा शेवटचा भाग. ओटी, शिधा, दक्षिणा हे सगळं दिल्यावरच त्यांच्या लेखी कार्य पुरं होतं. गोंधळी दक्षिणा न घेता उठून गेला, तर त्या बाईच्या मनात काय येईल? आमचं काही चुकलं का, आईला काही कमी पडलं का, नव्या सुनेचं पाऊल कसं म्हणायचं. तुम्ही प्रामाणिकपणा म्हणून जे केलंत त्याचा घोर त्यांच्या गळ्यात पडला असण्याची शक्यता आहे. एखाद्या दुपारी संबळ न घेता त्यांच्याकडे जा. ‘त्या रात्री माझं चित्त ठिकाणावर नव्हतं, तुमच्याकडून काही उणं झालं नव्हतं, शिधा न्यायला आलोय,’ एवढं सांगा आणि त्या देतील ते घ्या. तुमच्या श्रद्धेचं काय झालं हे त्यांना सांगायची गरज नाही. तो भार त्यांचा नाही.

आता घड्याळ. त्या रात्री दुसरी सुपारी देवासला होती आणि साडेअकराच्या आत पोचायचं होतं, हे तुम्ही पत्रात कंसात टाकलं आहे. मला मात्र सगळ्या पत्रात तेच वाक्य मोठं दिसतं. संध्याकाळी सातला एका घरी चौक भरायचा, घट मांडायचा, देवांना बोलवायचं, पोत, म्हणजे दिवटी, पेटवायची, आख्यान लावायचं, आरती करायची, मग सगळं गुंडाळून पस्तीस-चाळीस किलोमीटर जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. असं वैशाखभर केल्यावर मन कोरडं पडलं यात नवल काय? त्याच पत्रात पुढे तुम्हीच सांगता की सराई संपल्यावर वडिलांनी घरच्या देव्हाऱ्यापुढे जोगवा म्हणायला लावला आणि दुसऱ्या कडव्याला तुमचा गळा दाटून आला. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून बघा. तुमची श्रद्धा आहे की गेली याचा निवाडा मी करू शकत नाही, तो अधिकार कुणालाच नाही. पण दमलेल्या माणसाने आपल्या दमण्याला नास्तिकपण म्हणून मोकळं होऊ नये. तसं केलं की दमणूक तशीच राहते आणि वर अपराधाचं ओझं चढतं.

समजा, उद्या नीट विश्रांती घेतल्यावरही मन कोरडंच राहिलं. मग ती फसवणूक ठरेल का? तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी एक गृहीत आहे, की गोंधळ्याच्या मनात दर वेळी भाव दाटला तरच गोंधळ खरा. ते मला मान्य नाही. सुईण बाळंतपणाला येते तेव्हा तिच्या मनात घरी तापाने फणफणलेलं स्वतःचं पोर असू शकतं. तिचे हात चुकले नाहीत की बाळ सुखरूप येतं, आणि त्या घराने तिला दिलेलं लुगडं खोटं ठरत नाही. त्या घराला तुमच्याकडून काय येणं होतं ते आठवा. घराचं कुलदैवत विचारून घेणं, चौक नीट भरणं, नावं क्रमाने आणि एकही न गाळता घेणं, आख्यान अर्ध्यावर न सोडणं. यातलं काही त्या रात्री गाळलं नाही असं तुम्ही म्हणता. मग त्या घराचं येणं तुम्ही चुकतं केलंत. आजी रडल्या त्या तुमच्या मनात डोकावून रडल्या नाहीत. त्यांच्या देवीचं नाव त्यांच्या घरात उच्चारलं गेलं म्हणून रडल्या.

हे सांगताना मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण माळव्यातल्या मराठी माणसाला त्या नावांचं काय होतं हे मी जवळून पाहिलं आहे. आपल्यातली कितीतरी घरं मल्हारराव होळकरांच्या मागोमाग अठराव्या शतकात इकडे आली, काही 1818 नंतर इंदूर होळकरांची राजधानी झाल्यावर, काही त्याच्याही नंतर नोकऱ्यांसाठी. होळकरांचा स्वतःचा कुलस्वामी जेजुरीचा खंडोबा, म्हणून राजवाड्यात मल्हारी मार्तंडाचं देऊळ आहे. आपल्याकडे आडनावांत गावं आहेत, पण ती गावं पाहिलेली माणसं घरात उरली नाहीत. माझ्या सासरी लग्नानंतर गोंधळ झाला, तेव्हा तुळजापूरची भवानी, माहूरची रेणुका, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडेराया, पंढरपूरचा विठोबा अशी एकेकाला हाक जात होती आणि माझ्या आजेसासूबाई प्रत्येक नावाला हात जोडत होत्या. यांतल्या एकाही गावी त्या गेल्या नव्हत्या. पुढे जाणं झालंही नाही. त्यांच्या वाट्याला आलेली वारी तेवढीच. तुम्ही नावं घेता तेव्हा घरोघरी हे घडतं. म्हणूनच एखादं नाव गाळणं मला मोठी चूक वाटते आणि मन कोरडं असणं तितकं मोठं वाटत नाही.

त्यावरून पहिला व्यावहारिक मुद्दा, आणि तो तुमच्यासारख्या प्रत्येक कलावंताला लागू आहे, मग तो जागरणाचा वाघ्या असो की भजनी मंडळातला पेटीवाला. एका रात्री एकच सुपारी. यात पैसे बुडतील हे मला दिसतं, म्हणून दर वाढवावा लागेल. तो वाढवताना किती माणसं येणार, किती वेळ, गाडीभाडं कुणाचं, विसार किती, हे सगळं आधी ठरवून फोनवर लिहून पाठवायचं. रात्रभराचा गोंधळ आता फारसं कुणी घालत नाही, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. फ्लॅटच्या इमारतीत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, मुलांना सकाळी ऑफिस असतं. मग तीन तासांचा गोंधळ तीन तासांचाच म्हणून वडिलांसमोर बसून बांधून घ्या. कोणतं आख्यान किती वेळाचं, कुठे आटोपतं घ्यायचं, हे घरी ठरलेलं असलं की ऐन वेळी घड्याळाकडे बघत कापाकापी करावी लागत नाही. गोंधळ लहान असला तर चालतं, घाईचा नको.

तुमच्या मित्राचं बोलणं तुम्हाला लागलं आहे, आणि ते लागावं इतका तो जवळचा आहे. गुरुवारच्या त्या बैठकीबद्दल तुम्ही जे लिहिलं आहे ते वाचून मला आनंद झाला. तंबुरा, करताळ, टिमकी, ढोलक, कुणाच्या तरी अंगणात अंथरलेली सतरंजी, पैसे नाहीत, मुहूर्त नाही, कुणाला कुठे पोचायचं नाही. तिथे तुम्ही श्वास घेता. ते काही झालं तरी सोडू नका. पण तुम्ही त्या रात्रींची तुलना वैशाखातल्या दुसऱ्या सुपारीशी करता आणि निष्कर्ष काढता की निर्गुण खरं, सगुण सोंग. ही तुलनाच बरोबरीची नाही. मित्राच्या सांगण्याप्रमाणे भजनं पूर्ण वेळ गायला लागलात, महिन्याला बारा कार्यक्रम घेतलेत, तर कबिराच्या दोह्यातही एक दिवस घड्याळ दिसेल.

दुसरं असं, की तुम्ही निर्गुण आणि भवानी यांच्यामध्ये जी भिंत धरून चालला आहात ती तुमच्याच गाण्यात नाही. ज्या जोगव्याला तुमचा गळा दाटला तो एकनाथांचा. त्याच्या पहिल्याच ओळीत भवानीला ‘अनादि निर्गुण’ म्हटलं आहे, आणि पुढे देवीकडे जे मागणं आहे ते द्वैत बाजूला सारण्याचं, भेद टाकून वारीला निघण्याचं. सोळाव्या शतकात पैठणला बसून नाथांनी जोगवा मागणारी, गोंधळी, वासुदेव या सगळ्यांचे आवाज घेऊन भारुडं लिहिली, ती सगुण-निर्गुणाचा तंटा मिटवूनच. तुमच्या आजोबांच्या तोंडी हे आलं आणि वडिलांच्या तोंडून तुम्हाला मिळालं. इकडे कबीरपंथातही काही शाखांत चौका आरती होते, पिठाचा चौक, कलश, नारळ, विड्याची पानं मांडून. हे मित्राला वादात हरवायला म्हणून सांगू नका. देवाला बोलवायचं म्हटलं की माणूस आधी जमीन सारवून एक चौकोन आखतो, ही दोघांकडची सारखी गोष्ट आहे, एवढंच त्याच्याशी बोला.

आणि देवासचं उदाहरण तर तुमच्या रोजच्या रस्त्यावर आहे. कुमार गंधर्व मूळचे बेळगावकडचे. 1948 साली क्षयाच्या आजारपणात हवापालटासाठी देवासला आले आणि 1992 मध्ये गेले ते तिथेच. माळवी लोकगीतं त्यांनी इथे ऐकली, गोळा केली, निर्गुणी भजनं इथल्या गायकांच्या तोंडून त्यांच्या कानी आली. तेच तुकारामही गायले, सूरदास आणि मीराही. त्यांचं घर माताजीच्या टेकडीच्या वाटेवर आहे. वर चामुंडेची घंटा आणि खाली कबीर, आणि त्या माणसाला यांतलं एक निवडावं लागलं नाही. तुम्हीही निवडायला बांधलेले नाही.

मित्रासाठी एक गोष्ट करा. तो एकदाही गोंधळाला आलेला नाही असं तुम्ही सांगता. कोणाच्या तरी घरी, घरच्यांची परवानगी काढून, त्याला बोलवा. ढोलक न आणता येऊ दे, मागे बसू दे. नंतर त्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. न पाहिलेल्या गोष्टीवर तो बोलतो आहे आणि तुम्ही त्याचं मनाला लावून घेता आहात, यात दोघांचंही नुकसान आहे.

वडिलांकडे येते. ‘आईला बाजारात उभं करू नकोस’ हे वाक्य तुम्ही नकार म्हणून ऐकलंत. मला त्यात आणखी काही ऐकू येतं. ते 71 वर्षांचे, आवाज बसला आहे, आख्यानं सगळी डोक्यात, कागदावर एकही नाही. त्यांना वाटत असेल की मंचावर एकदा दहा मिनिटांचा गोंधळ चालला की उरलेल्या तीन तासांची कुणाला आठवण राहणार नाही. ही भीती खोटी नाही. अनेक ठिकाणी असं झालं आहे की लोकांना उडती पोत आणि संबळाचा दणका तेवढा माहीत आहे.

त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना प्रश्न विचारा. नेमकं काय मंचावर जाऊ नये? गोंधळाला पूर्वरंग आहे आणि उत्तररंग आहे. पूर्वरंगात चौक, घट, गण, देवांना आवाहन. ते त्या घराचं आणि त्या देवीचं. तिथे प्रेक्षक नसतो, बसलेला प्रत्येक जण यजमान असतो. उत्तररंगातलं आख्यान हे मुळात ऐकणाऱ्यांसाठी. त्यात राजे-राण्या आहेत, सवाल-जबाब आहेत, हशा आहे, संबळ आणि तुणतुण्याचे बोल आहेत. म्हणजे कुठे रेघ मारायची ते परंपरेनेच दाखवून ठेवलं आहे. वडिलांना ही रेघ मारू द्या. माझा अंदाज असा, की पोत पेटवायची नाही, नावं घ्यायची नाहीत, कवड्यांची माळ घालायची की नाही ते ते सांगतील, आणि आख्यानाचा तुकडा व संबळाचं वादन यांना त्यांची ना नसेल. ‘हे कधीच बदललं नाही’ असं ते म्हणाले, तर तुमच्या आजोबांनी इकडे आल्यावर नावांच्या माळेत देवासची चामुंडा आणि उज्जैनची हरसिद्धी घातली, हे तुम्हीच मला लिहिलं आहे. आदराने आठवण करून द्या. आजोबांनी बदल केला तो वाढवण्याचा होता. तुमचाही तसाच असावा, एवढी अट वडील घालणार असतील तर ती मानण्याजोगी आहे.

लेडीज संगीताबद्दल माझं मत विचाराल तर मी सध्या नाही म्हणेन. बायपासवरच्या मॅरेज गार्डनमध्ये एका बाजूला डीजे, लोक ताटं घेऊन फिरताहेत, कुठे पेले भरले जाताहेत, आणि मधे दहा मिनिटं संबळ. पैसे मिळतील, पण तुमचं मन आज जितकं नाजूक झालं आहे तितक्यात ते सोसवणार नाही. वर्षभराने वाटलं तर अटी घालून करा : आख्यानाचाच भाग, लोक बसलेले, जेवण आणि दारू त्या वेळेपुरती बंद, पोत नाही. इव्हेंटवाल्याला हे जमणार नसेल तर त्याला तुमची गरज नाही, एखादा नर्तक चालेल.

मंच म्हणजे तेवढाच नव्हे. इंदूरची आकाशवाणी, मालवा हाऊस, लोकसंगीताच्या कलाकारांची स्वरचाचणी घेते. लालबागेत मालवा उत्सव भरतो. भोपाळला जनजातीय संग्रहालयात लोककलांचे कार्यक्रम होत असतात. नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र दोन्हींचं आहे, म्हणजे तुमच्यासारख्या माळव्यातल्या मराठी कलावंताचं तर अगदी घरचं. तिथे कलावंत म्हणून नोंद होते का आणि गुरू-शिष्य परंपरेची योजना सध्या कशी चालू आहे याची चौकशी करा, वडिलांना गुरू म्हणून पुढे करा. संगीत नाटक अकादमीचा उस्ताद बिस्मिल्ला खाँ युवा पुरस्कार 40 वर्षांपर्यंतच्या कलावंतांना मिळतो, त्यात लोककलाही येतात. या जागांवर ऐकणारे ऐकायला आलेले असतात. वडिलांना एकदा तिथे घेऊन जा, मग बोला.

त्याच्याही आधी एक काम, आणि ते चातुर्मासात व्हायला हवं. वडिलांची आख्यानं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. रोज अर्धा तास. पंखा बंद, खिडकी बंद, फोन उशीवर ठेवून. आवाज बसलेला असू दे, चाल आणि शब्द आले पाहिजेत. मग वहीत उतरवून त्यांच्याकडून तपासून घ्या. तुमची अकरा वर्षांची मुलगी तुणतुणं छेडते आणि आजोबा म्हणतात पोरीचं हे काम नाही. त्याच खोलीत तिला बसवा, वही तिच्याकडे द्या. आईची गाणी गाणाऱ्या आराधी बायका आहेत, खंडोबापुढे मुरळी गाते, मग संबळ-तुणतुण्यालाच मुलीचा हात का चालू नये याचं पटणारं कारण मला सापडत नाही. वडिलांना तोंडाने विरोध करू नका. नातीने लिहून घेतलेलं आख्यान ती वाचून दाखवेल तेव्हा त्यांचं काय होतं ते पाहा.

उरली तुमची पत्नी, आणि तिच्या बाजूने मला बोललंच पाहिजे, कारण पत्रात तिला एकच वाक्य मिळालं आहे. तिला तुमचं गाणं नको आहे असं कुठेही दिसत नाही. शाळेची फी आषाढात येते आणि सुपाऱ्या कार्तिकात, हे तिला दिसतं. घर चालवणाऱ्या बाईने हे न पाहून कसं चालेल? पाकीट न घेता तुम्ही घरी आलात त्या रात्री तिने तुमच्याकडे हिशेब मागितला, त्यात तुमच्या श्रद्धेचा अपमान नव्हता. तिच्याजवळ बसा आणि मागच्या वर्षाच्या सगळ्या सुपाऱ्या तारखेनिशी लिहून काढा : आलेले पैसे, साथीदारांना गेलेले, पेट्रोल, कातडं बदलायचा खर्च. एकूण बारा महिन्यांत वाटून बघा. दर महिन्याला घरात किती यायला हवं हा आकडा तिला ठरवू दे. सराईत त्याहून जास्त येईल ते वेगळ्या खात्यात, त्या खात्याचं कार्ड तिच्याकडे.

आकडा बसत नसेल तर नोकरी धरा, मोकळ्या मनाने. गोदामात काम केलं म्हणून कुणी कमी गोंधळी होत नाही. माळव्यात कबीर घरोघरी नेणारे प्रह्लादसिंह टिपाणिया, 2011 साली पद्मश्री मिळालेले, शाळेत शिक्षक होते आणि त्याबरोबर गात होते. गोदामाच्या मालकाशी बोलताना मात्र एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगा, की मुहूर्ताच्या तारखा आणि नवरात्राचे नऊ दिवस मला रजा लागेल, पगार कापा. तो नाही म्हणाला तर ही नोकरी सोडून दुसरी बघा. पगार घरी येत असेल तर एका रात्री दोन सुपाऱ्या घ्यायची गरजही उरणार नाही, आणि माझ्या मते तुमच्या श्रद्धेला आज सगळ्यात जास्त उपयोग याचाच होईल.

दोन कागदांचं सांगून ठेवते. ई-श्रम कार्ड काढलं नसेल तर काढा, साथीदारांचंही. 16 ते 59 वयाच्या असंघटित कामगारांना ते मिळतं आणि कलावंतही त्यात मोडतात. श्रमयोगी मानधन ही निवृत्तिवेतनाची योजना महिना 15,000 रुपयांपर्यंत कमाई असलेल्यांसाठी आहे, त्यात शिरायचं वय 18 ते 40. वयाप्रमाणे महिन्याला 55 ते 200 रुपये भरायचे, तेवढेच सरकार घालतं, आणि साठीनंतर महिना 3,000 मिळतात. रक्कम मोठी नाही. पण तुमचं वय 36 आहे, दार चार वर्षांत बंद होईल, आणि आवाज बसल्यावर गोंधळ्याच्या घरी काय येतं हे तुम्ही रोज समोर पाहता आहात. गोदामात भविष्य निर्वाह निधी कापला जाणार असेल तर ही योजना लागू होणार नाही, तेव्हा आधी नोकरीचं ठरवा.

संबळ खाली ठेवू का, असं विचारलंत. सहा महिन्यांनी विचारा. तोवर आषाढ ते आश्विन विश्रांती, ध्वनिमुद्रण, गुरुवारची बैठक. नवरात्रात रोज एकच घर. एवढं करूनही मन कोरडंच राहिलं, नावं घेताना तुम्हाला स्वतःचीच चीड येत राहिली, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा ‘ठेवा’ असं सांगायला मी कचरणार नाही. गोंधळ न घालता माणूस भवानीचाही राहू शकतो आणि कबिराचाही.

जाता जाता, तुळशीच्या लग्नानंतरच्या ज्या दोन तारखांना तुम्ही दोन-दोन सुपाऱ्या आधीच धरल्या आहेत, त्यांचं आत्ता बघा. ज्यांनी नंतर विचारलं त्या दोन्ही घरी याच आठवड्यात फोन करा, जमणार नाही म्हणून सांगा, विसार परत करा आणि दुसऱ्या एखाद्या गोंधळ्याचा नंबर द्या. पाच महिने आधी सांगितलंत तर त्यांची सोय होईल. ऐन कार्तिकात सांगितलंत तर होणार नाही.